रुग्ण गिऱ्हाईक नसतो: उपचारांचा खर्च आवरायचा कोणी, धंद्याने की सरकारने?

रात्री दीडचा सुमार. वडिलांना आत नेलंय, अतिदक्षता विभागाचं दार बंद झालंय. काउंटरवरून चार कागद तुमच्यापुढे सरकवले जातात. एक संमतीचा, एक आगाऊ रकमेचा, बाकीच्या दोघांवर बारीक अक्षरात बरंच काही. तुम्ही खुणा केलेल्या जागी भराभर सह्या करता. वाचत नाही. वाचलं असतं तरी "ही तपासणी इथे नको, दुसरीकडे स्वस्तात होते" असं कोणाच्या तोंडून निघालं असतं? वडील आत आहेत.

उपचार परवडेनासे झालेत, हे आता कोणी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे २०० कोटी लोकांची औषधपाण्यापायी आर्थिक ओढाताण होते, म्हणजे साधारण दर चौथ्या माणसाची. वाद आहे तो उपाय कोणी करायचा यावर. एक बाजू म्हणते, धंद्याला मोकळीक द्या. चढाओढीने फोन स्वस्त झाले, विमानप्रवास स्वस्त झाला, उपचारही होतील. दुसरी म्हणते, ही सेवा आहे, ती सरकारनेच चालवावी. गंमत नव्हे, पण खरी अडचण अशी की दोघं वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत असतात. उपचार करणं हे एक काम. त्याचा भाव ठरवणं हे दुसरं. आणि ते पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जाणार हे ठरवणं तिसरं. पहिलं काम धंदा करू शकतो, कधी कधी सरकारपेक्षा सरस करतो. उरलेली दोन मात्र सार्वजनिक हातातच हवीत, असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण त्या रात्रीच्या सह्यांमध्येच आहे.

बाजार नीट चालायचा तर घेणाऱ्याला काही गोष्टी जमाव्या लागतात. आपल्याला काय हवंय ते कळावं लागतं. भाव आधी समजावा लागतो. आणि पटलं नाही तर उठून दुसऱ्या दुकानात जाता यावं लागतं. छातीत कळ आलेल्या माणसाला यातलं काहीही जमत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली एका निबंधात हे व्यवस्थित मांडलं. आजार कधी येईल ते माहीत नाही, आल्यावर कोणता उपचार लागू पडेल तेही माहीत नाही, आणि ज्याला त्यातल्या त्यात जास्त माहीत आहे तो डॉक्टरच उपचार विकणाराही आहे. ॲरो काही बाजाराचे विरोधक नव्हते. बाजारात मागणी-पुरवठ्याचा मेळ कसा बसतो याचं गणित ज्यांनी घडवलं त्यांच्यापैकी ते एक, आणि १९७२ चं नोबेल त्यांना मिळालं तेही त्याच प्रकारच्या कामासाठी. अशा माणसाने सांगितलं की इथे नेहमीचा हिशेब लागू पडत नाही. आपल्याकडे हीच गोष्ट फार आधीपासून पाच शब्दांत सांगतात: अडला हरी गाढवाचे पाय धरी.

अडलेल्याकडून किती घेता येतं, हे बघायचं तर इन्सुलिनची एक कुपी हातात घ्या. अंगठ्याएवढी काचेची बाटली, आत दहा मिलिलिटर पाण्यासारखं औषध. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलाला ते रोज लागतं, जन्मभर लागतं. काही दिवस मिळालं नाही तर जीव जातो. १९२१ साली टोरांटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला. १९२३ मध्ये शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. या औषधावर कोणा एकाची मक्तेदारी होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

पुढे इन्सुलिनचे सुधारित प्रकार आले. त्यांतला ह्युमालॉग १९९६ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला तेव्हा कुपीची छापील किंमत २१ डॉलर होती. वीसेक वर्षांनी तीच कुपी, तेच औषध, आणि किंमत २७० डॉलरच्या वर. मधल्या काळात औषधात नवं काही घातलेलं नव्हतं. जगातल्या इन्सुलिनच्या उलाढालीचा नव्वद टक्क्यांहून मोठा हिस्सा तीन कंपन्यांकडे आहे, आणि त्यांचे भाव वर्षानुवर्षं एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकत चढले.

इथे चढाओढ असूनही भाव का उतरला नाही? कारण मध्ये आणखी एक थर होता. विमा कंपन्यांच्या वतीने औषधकंपन्यांशी भाव करणाऱ्या मध्यस्थ कंपन्या. त्यांना छापील किमतीवर मागून सूट मिळते आणि त्या सुटीतला काही भाग त्या स्वतःकडे ठेवू शकतात. म्हणजे छापील किंमत जितकी मोठी, तितकी सूट मोठी आणि तितकी मध्यस्थाची कमाई मोठी. स्वस्त औषधाला यादीत वरची जागा देण्यात त्यांचा काहीच फायदा नव्हता. ज्यांना पैसे वाचवायला नेमलं त्यांचंच पोट महागाईवर भरू लागलं. कुंपणानेच शेत खाल्लं. आणि ती पूर्ण छापील किंमत पडली कोणाच्या गळ्यात? ज्याच्याकडे विमा नाही किंवा ज्याचा विमा ठराविक रकमेपर्यंतचा खर्च त्यालाच करायला लावतो, त्याच्या. माणसं डोस तोडून घेऊ लागली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. हे मी वाचतो तेव्हा मला अजूनही राग येतो.

भाव उतरला तो नंतर, आणि कसा तेही बघण्यासारखं आहे. २०२२ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत, मेडिकेअरमध्ये, इन्सुलिनसाठी रुग्णाने महिन्याला ३५ डॉलरहून जास्त द्यायचे नाहीत असं ठरवलं. किंमत महागाईपेक्षा जोरात वाढवली तर फरक सरकारला परत करायचा, अशीही तरतूद आली. २०२३ च्या मार्चमध्ये कंपन्यांनी एकामागून एक छापील किमती ७० टक्के आणि त्याहूनही जास्त कमी करत असल्याचं जाहीर केलं. बरीच वर्षं जे जमत नाही असं सांगितलं जात होतं ते काही आठवड्यांत कबूल झालं.

मग मोठ्या धंद्यांनी एकत्र येऊन, प्रामाणिकपणे प्रयत्न केला तर? तेही झालंय. जानेवारी २०१८ मध्ये ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन चेस या तीन अवाढव्य कंपन्यांनी आपल्या दहा लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांचा उपचारखर्च आटोक्यात आणण्यासाठी नवी संस्था उभारायची घोषणा केली. पुढे तिचं नाव हेवन ठेवलं. नफा कमवायचा नाही असं आधीच जाहीर केलेलं. प्रमुखपदी अतुल गावंडे, म्हणजे नामांकित शल्यविशारद आणि आरोग्यव्यवस्थेवर बारकाईने लिहिणारे लेखक. पैसा, तंत्रज्ञान, हुशारी, कशाचीच कमतरता नव्हती. बर्कशायरचे वॉरन बफे तर उपचारखर्चाला अमेरिकी अर्थव्यवस्थेच्या पोटातला भुकेला जंत म्हणत.

तीन वर्षांत संस्था गुंडाळली. २०२१ मध्ये बफे यांनी भागधारकांच्या सभेत सरळ सांगितलं की जंत जिंकला.

माझ्या मते यात त्या माणसांचा दोष नव्हता. दहा लाख लोक ऐकायला खूप वाटतात, पण ते देशभर विखुरलेले. एखाद्या शहरातल्या रुग्णालयाच्या दृष्टीने हेवनचे रुग्ण मूठभर. त्यांना भाव कमी करून दिला नाही म्हणून रुग्णालयाचं काही अडत नव्हतं. भाव पाडायचा तर समोरच्याला "तुमच्याशिवाय माझं चालेल, पण माझ्याशिवाय तुमचं चालणार नाही" असं म्हणता यावं लागतं. एवढी ताकद एका कंपनीत नसते, तिघींतही नव्हती.

ती ताकद कुठे असते? जपान बघा. तिथली बहुतेक रुग्णालयं खाजगी आहेत. पण भागधारकांना नफा वाटणाऱ्या कंपनीला रुग्णालय काढायला कायद्याने मनाई आहे, आणि प्रत्येक तपासणीचा, प्रत्येक ऑपरेशनचा दर देशभर एकच. हे दरपत्रक दर दोन वर्षांनी सरकार, डॉक्टर आणि विमा संस्था एकत्र बसून नव्याने ठरवतात. म्हणजे भाव केला जातो, घासाघीस भरपूर होते, फक्त ती खाटेवरचा रुग्ण करत नाही. त्याच्या वतीने, तो धडधाकट असताना, टेबलावर बसून केली जाते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते एमआरआयचं उदाहरण. २००२ च्या सुमारास सरकारने एमआरआयचा दर बराच खाली आणला. आता इतक्या दरात महागडं यंत्र घेऊन परवडणार कसं? तेव्हा तिथल्या यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनी लहान, साधी, स्वस्त यंत्रं बनवली. आज लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात जास्त एमआरआय यंत्रं जपानमध्ये आहेत. स्वस्त यंत्राचं डोकं धंद्याचंच. पण ते डोकं त्या दिशेला वळलं, कारण चढा भाव मिळण्याची वाट बंद झाली होती.

धंद्याला कमी लेखून चालणार नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या बाजूची माणसं हे विसरतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन घ्या. ते तातडीचं नसतं, आधी ठरवून करता येतं, आणि दर वेळी जवळपास तसंच असतं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांवर अरविंद नेत्रालय सुरू केलं. तिथे एक डॉक्टर दोन टेबलांमध्ये काम करतो. एकावर ऑपरेशन चालू असतं तेव्हा दुसऱ्यावर पुढच्या रुग्णाची तयारी झालेली असते. पहिलं संपलं की डॉक्टर फक्त वळतो. पट्टी, मोजमाप, समजावणं, ही कामं खास तयार केलेल्या सहायक मुली करतात. डॉक्टरचा हात एक मिनिटही रिकामा राहत नाही. डोळ्यात बसवायचं भिंग बाहेरून महाग पडत होतं, म्हणून १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि त्या किमतीच्या अगदी थोड्या हिश्श्यात भिंग बनवलं. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर न देणाऱ्यांचंही ऑपरेशन होतं. ही कारखानदारीची शिस्त आहे आणि ती कोणत्याही सरकारी खात्याला सहज साधलेली नाही. फक्त नफा वाटून घ्यायचा नाही, ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती.

एचआयव्हीच्या औषधांची गोष्टही अशीच, पण तिला दोन बाजू आहेत. २००० साली एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना १० ते १५ हजार डॉलर लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. जेनेरिक कंपन्यांत खरी चढाओढ लागली आणि भाव पुढे १०० डॉलरच्याही खाली गेला. धंद्याने केलेलं काम, शंकाच नाही. पण गोळ्या रुग्णांच्या हाती पडल्या त्या विकत घेणारा कोणीतरी होता म्हणून. २००२ मध्ये एड्स, क्षय आणि मलेरियाशी लढण्यासाठी ग्लोबल फंड हा आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला, पाठोपाठ सरकारांचा पैसा आला. ज्याला दिवसाला एक डॉलर मिळतो त्याला १०० डॉलरचं औषधही आकाशातच असतं.

आता तिसरं काम, खिशाचं. आजारपण सारखं वाटलेलं नसतं. अमेरिकेतले आकडे असं दाखवतात की एका वर्षात एकूण उपचारखर्चाचा निम्मा भाग फक्त पाच टक्के लोकांवर होतो, आणि निम्म्या लोकसंख्येवर मिळून जेमतेम तीन टक्के. विमा म्हणजे या निम्म्यांनी त्या पाच टक्क्यांसाठी भरलेली वर्गणी. पण विमा हा निव्वळ धंदा असेल तर मालकाला सगळ्यात सोपा फायदा कशात? खर्च कमी करण्यात नव्हे, त्या पाच टक्क्यांना दारातूनच परत पाठवण्यात. "आधीचा आजार" हे शब्द ज्यांनी क्लेम नाकारल्याच्या पत्रात वाचलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. आणि गिऱ्हाइकाच्या बाजूनेही गडबड असते. तब्येत ठणठणीत असेपर्यंत हप्ता भरायचा नाही आणि तहान लागल्यावर विहीर खणायची, असं सगळ्यांनी केलं तर वर्गणीच्या पेटीत आजाऱ्यांचेच पैसे राहतात, हप्ता वाढतो, उरलेले धडधाकटही निघून जातात.

यावर एकच उपाय जगात टिकलेला दिसतो. वर्गणी सगळ्यांची, सक्तीची, आणि कोणालाही नाकारता न येणारी. ती सरकारी तिजोरीतून असो की विमा संस्थांमधून, हा तपशिलाचा भाग. जर्मनीत सरकारप्रमुख असलेल्या बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी ती सुरू केली. दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून खाजगी विमा कंपन्याच मूळ विमा देतात, पण कोणाला नाही म्हणता येत नाही आणि त्या मूळ विम्यावर नफा कमावता येत नाही. थायलंडने तर श्रीमंत होण्याची वाट न बघता २००२ मध्ये करातून पैसा घालून सगळ्यांसाठी योजना आणली, भेटीला तिथल्या चलनात फक्त ३० बाट. नोंदवलेल्या दर माणसामागे जवळच्या रुग्णालयाला वर्षाची ठराविक रक्कम मिळू लागली, त्यामुळे तपासण्या वाढवून बिल फुगवण्यात काही मिळेना. देशाच्या एकूण उपचारखर्चातला लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा साधारण एक तृतीयांशावरून कालांतराने दहा टक्क्यांच्या आसपास आला.

लोकांच्या खिशाला थोडी चाट बसली की ते उगाच डॉक्टरकडे जाणार नाहीत, हा युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. तो अमेरिकेत १९७० च्या दशकात हजारो माणसांवर प्रत्यक्ष तपासला गेला, रँड या संशोधन संस्थेकडून. ज्यांना स्वतः पैसे द्यावे लागले ते खरंच कमी वेळा गेले. पण त्यांनी नको असलेले उपचार जितके टाळले तितकेच हवे असलेलेही टाळले. त्यात नवल काय? कोणता उपचार नको ते कळण्यासाठीच तर डॉक्टर लागतो.

सरकारच्या हाती दिलं म्हणजे सुटलं, असं मात्र मी म्हणत नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, तपासणीच्या वेळी कोणी पैसे विचारायचे नाहीत या तत्त्वावर. तीनच वर्षांत कवळी आणि चष्म्यासाठी पैसे घ्यायचं ठरलं आणि सेवा उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्याच मुद्द्यावर राजीनामा दिला. आज तिथली अडचण वेगळी आहे. २०२३ मध्ये इंग्लंडमधली ताटकळणाऱ्या उपचारांची यादी ७५ लाखांच्या वर गेली. बिल येत नाही, पण खुब्याच्या ऑपरेशनसाठी महिनोन्‌महिने काठी टेकत चालणं हीही किंमतच आहे. ती फक्त पैशात मोजली जात नाही. सरकारने हात आखडता घेतला की रांग लांबते, आणि रांगेतला माणूस अंदाजपत्रकात कुठे दिसत नाही.

शिवाय सरकारचा पैसा आणि सरकारची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत उपचारांवर देशाच्या उत्पन्नाच्या सतरा-अठरा टक्के खर्च होतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा सरकारी तिजोऱ्यांतून जातो. पण २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला औषधकंपन्यांशी भाव करायलाच मनाई केली होती. थैली सरकारची, पण तोंड बांधलेलं. ते २०२२ च्या कायद्याने थोडं सुटलं. घासाघीस करून ठरलेल्या पहिल्या दहा औषधांचे भाव २०२६ पासून लागू. जो देश सरकारी खर्चात कमी नाही तोच सगळ्यात महाग आहे, याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

आणि एक खर्च असा आहे जो कोणीही कमी करणार नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बोमोल यांनी १९६० च्या दशकात तो दाखवून दिला. कारखान्यात तासाला दहाऐवजी शंभर नग निघू लागतात, म्हणून तिथले पगार वाढूनही माल स्वस्त होतो. काही कामांत मात्र माणसाचा वेळच विकला जातो आणि तो आकसत नाही. पक्षाघात झालेल्या, स्वतःहून हलता न येणाऱ्या रुग्णाला ठराविक तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यासाठी दोन माणसं लागतात. एक जण खांद्याखाली हात घालतो, दुसरा कमरेखाली, तीन म्हणून उचलतात, चादरीची सुरकुती काढतात, पाठीमागे उशी लावतात, टाचा अधांतरी राहतील असं बघतात. शंभर वर्षांपूर्वी याला जितका वेळ लागायचा तितकाच आजही लागतो. पण परिचारिकेला आज शंभर वर्षांपूर्वीच्या पगारावर कोणी राबवू शकत नाही, राबवूही नये. तिच्या पगारातून खर्च वाचवायला गेलेल्या ठिकाणी, मग ते खाजगी असो की सरकारी, रात्रपाळीला एकच परिचारिका उरते आणि तिला एकटीने रुग्ण वळवता येत नाही. दुसरी परिचारिका हवी असेल तर तिचे पैसे द्यावेच लागतील. ते खाटेवरच्या माणसाच्या मुलाने घर गहाण टाकून द्यायचे, की आज कोणाच्याही घरात कोणी आजारी नसलेल्या आपण सगळ्यांनी मिळून, एवढंच ठरवायचं आहे.